प्रिय ग्राहक पर्जन्यमापक

पर्जन्यमापकाला जगाशी बोलायचं असतं ते एका आकड्यापुरतं. पाऊस किती पडला, एवढंच. त्याला सकाळी गुलाबाच्या फोटोवर सुविचार पाठवायचा नसतो, कोणाच्या हळदीचा व्हिडिओ बघायचा नसतो, 'पोचल्यावर फोन कर' असं कुणाला बजावायचंही नसतं. इतका मितभाषी ग्राहक मोबाईल कंपन्यांना साऱ्या देशात शोधून सापडणार नाही. आणि नेमकं ह्याच ग्राहकाला जोडणी द्यायची तर जितकी माणसं, कागद आणि चहा लागतो, तितक्यात एखादं साधं लग्न उरकतं. हा खटाटोप कशासाठी? तर डोंगरावर रोज माणूस जायला नको म्हणून.

ह्या व्यवहारातला माझा हुद्दा म्हणजे मी शिडी धरतो. आमचे साहेब घाटमाथ्यावर पाऊस मोजणारी यंत्रं बसवतात, ज्युनिअर मुलगा लॅपटॉप उघडतो आणि मी शिडी धरून वर बघत राहतो. शिडी धरणाऱ्याला दोन गोष्टी फुकट मिळतात: मानदुखी आणि निरीक्षणाला वेळ.

यंत्र मुळात साधं. वर नरसाळं, आत दोन कप्प्यांची इवलीशी बादली. एका कप्प्यात ०.२ मिलिमीटर पावसाचं पाणी जमलं की तोल जाऊन ती कलंडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. नरसाळ्याचं तोंड २०० मिलिमीटर व्यासाचं असेल तर हे पाणी भरतं सव्वासहा मिलिलीटर, चहाच्या चमच्याहून जरासं जास्त. दर कलंडण्याला एक चुंबक बारक्या स्विचवरून सरकतो, टिक होते, आणि डेटा लॉगर ती वेळेसकट नोंदवून ठेवतो. ही कलंडती बादली सतराव्या शतकातली, लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनच्या डोक्यातून निघालेली. म्हणजे पाऊस मोजायचा कसा, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीच सुटला. मोजलेला पाऊस पुण्याला साहेबांच्या पडद्यावर कळवायचा कसा, हा सुटायचाय.

पूर्वी ह्या कामाला माणूस होता. आपल्याकडे पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. त्या वेळी हा माणूस काचेच्या मोजपात्रात पाणी ओतायचा, आकडा वहीत लिहायचा आणि वर कळवायचा. त्या आकड्याला मान असा की सातारा जिल्ह्यातला वाचक पावसाळ्यात पेपर उघडला की आधी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर हे तीन आकडे बघतो, राजकारण मागाहून. जुन्या माणसाविरुद्ध तक्रार एकच होती, त्याचा पाऊस नेहमी शून्यावर नाहीतर पाचावर संपायचा. चाळीस, पंचेचाळीस, साठ. फारच कोसळत असेल तर तो घरातूनच मोजला जायचा, पत्र्यावरच्या आवाजावरून. आणि खरं सांगायचं तर तो फारसा चुकायचाही नाही.

पण पाच-दहा मिलिमीटरनी बिघडतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडला की ती सरकारदरबारी अतिवृष्टी, आणि पिकाच्या भरपाईची बोलणी तिथून पुढे सुरू होतात. ६४.८ वर थांबलेला पाऊसही शेताचा तेवढाच चिखल करतो, पण कागदावर तो नुसता पाऊस. एक-दोन टिकांचा फरक. शिवाय पावसाला हद्दी कळत नाहीत. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. आमची बादली त्या दिवशी सांताक्रूझला असती तर चार हजार सातशे वीस वेळा कलंडली असती. कुलाब्यातली तेवढ्या वेळात पावणेचारशेच्याही आत आटोपली असती. म्हणून यंत्रं जागोजागी हवीत. जागोजागी माणसं कोण ठेवणार? म्हणून मॉडेम.

तर मॉडेमला सिम लागतं आणि सिमला माणूस लागतो.

"कोणाच्या नावावर काढायचं?" दुकानातल्या मुलाने विचारलं.

"पर्जन्यमापकाच्या."

"आधार आहे का त्यांचं?"

साहेबांनी समजावून सांगितलं. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाईलचा कॅमेरा साहेबांपुढे धरला. "इकडे बघा सर. डोळे मिटा. उघडा. झालं." ग्राहक जिवंत आहे ह्याचा हा पुरावा. पर्जन्यमापकाला डोळे मिटता येत नाहीत, त्यामुळे त्याच्या वतीने साहेबांनी मिटले.

एका माणसाच्या नावावर नऊ सिमं निघतात. साहेबांची नऊ संपल्यावर ज्युनिअरने डोळे मिटले, मग मी, मग साहेबांच्या सौ. आणि शेवटी सासूबाई. गुडघ्यांमुळे दुसऱ्या मजल्यावरून खाली न उतरणाऱ्या ह्या बाई कागदोपत्री सध्या पाटण तालुक्यातल्या एका कड्यावर दर तासाला इंटरनेट वापरतात.

रीतसर मार्ग आहे, नाही असं नाही. यंत्रांनी यंत्रांशी बोलायची सिमं वेगळी मिळतात आणि त्यांना १३ अंकी क्रमांक असतो. जुलै २०१८ पासून नव्या जोडण्यांना हे लागू झालं. त्याआधी फेब्रुवारीत देशभर अफवा उठली होती की आता सगळ्यांचेच नंबर १३ अंकी होणार. आमच्या आळीत एका आजींनी दहा अंकी डायरी अख्खी नव्याने लिहायला घेतली होती. साहेबांनी अशा सिमांसाठी एका कंपनीच्या विक्री विभागाला फोन केला. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलत होता. "किती हजार हवीत सर?" "सध्या एकच." त्यानंतर तो इतका वेळ गप्प राहिला की साहेबांना वाटलं, रेंज गेली.

सिम मिळालं की पुढचं दार एपीएनचं. म्हणजे कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटवर जाण्याच्या दाराचं नाव. फोनमध्ये ते आपोआप भरलं जातं, म्हणून आपण जन्मभर त्या दारातून ये-जा करतो आणि आपल्याला पत्ता नसतो. मॉडेमला ते नाव टाईप करून द्यावं लागतं, ठिपका न चुकता. खालचे युजरनेम आणि पासवर्डचे रकाने मात्र बहुतेक वेळा कोरे सोडायचे असतात. फॉर्ममधला रकाना कोरा सोडणं हे आपल्या रक्तात नाही. ज्युनिअरने तिथे आधी 'अ‍ॅडमिन' घातलं, मग वाय-फायचा पासवर्ड, मग स्वतःची जन्मतारीख. 'लागू नाही' असंही लिहून झालं. शेवटी साहेबांनी ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. मी शिडी धरून ऐकत होतो.

"सर, आपल्या हँडसेटचं मॉडेल सांगाल का?"

"हँडसेट नाही हो. मॉडेम आहे. डोंगरावर खांबाला लावलाय."

"ओके सर. खांबाला. सर, एकदा फोन स्विच ऑफ करून ऑन करा."

"अहो, फोनच नाहीये."

"मग सर, आपण आत्ता बोलताय कशावरून?"

तर्क बिनतोड होता. साहेबांनी फोन ठेवला.

मॉडेमशी बोलणं त्या मानाने सोपं. त्याची भाषा १९८१ सालची, अमेरिकेतल्या हेज कंपनीने टेलिफोनच्या तारेवरच्या मॉडेमसाठी बसवलेली. प्रत्येक हुकमाआधी 'एटी' म्हणायचं, म्हणजे 'लक्ष दे'. तार गेली, डायल गेली, हेज कंपनीही बुडाली, पण आजचा ४जी मॉडेमदेखील 'एटी' म्हटलं की निमूट 'ओके' म्हणतो. रेंज विचारली की तो ० ते ३१ मधला आकडा देतो. दहाच्या खाली असला की आम्ही गप्प, पंधराच्या वर गेला की कोणीतरी वडापाव काढतो. ज्युनिअरने आयुष्यात पहिल्यांदा रेंज विचारली तेव्हा तो किंचाळलाच, "सर, नव्व्याण्णव!" दहावीचे निकाल ऐकत मोठं झालेलं पोर ते. मीही शिडी सोडून टाळ्या वाजवणार होतो, पण वर साहेब होते. एकतीसपैकी नव्व्याण्णव ह्याचा मॉडेमच्या भाषेत अर्थ इतकाच की मला काही कळत नाहीये.

घाटमाथ्यावरच्या गावात रेंजचा एक दगड असतो. नकाशात तो सापडत नाही, पण गावातलं शेंबडं पोरही दाखवतं. मुंबईतल्या मुलाशी बोलायला आई तिथे जाते, भरतीचा निकाल तिथे बघतात, आणि दोन माणसांना एकाच वेळी बोलायचं असेल तर एकाला खाली उतरावं लागतं. पर्जन्यमापकाची आवड ह्याच्या अगदी उलट. त्याला मोकळं मैदान हवं. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तो असला पाहिजे, नाहीतर मोजला जातो तो झाडावरून ठिबकलेला पाऊस. मोकळं मैदान आणि रेंजचा दगड गावाच्या दोन टोकांना असतात. मी इतकी गावं पाहिली, पण ह्याला अपवाद पाहिला नाही.

मग खांब उंच करायचा आणि त्यावर काड्याकाड्यांचा यागी अँटेना चढवून तो टॉवरच्या दिशेला रोखायचा. टॉवर दिसत नाही, कारण ढग. साहेब वर होकायंत्र घेऊन, ज्युनिअर खाली लॅपटॉपवर. "आलं का?" "नऊ... अकरा... चौदा... गेलं!" हा संवाद कानावर पडल्याबरोबर गावातले एक आजोबा घोंगडं सावरत आले. १९८७ साली रामायण लागायचं तेव्हा अर्ध्या गावाचे अँटेने ह्यांनीच फिरवले होते म्हणे. त्यांनी लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "त्या टावराकडं नगा धरू. मधी डोंगूर हाय. पलीकडच्या खिंडीकडं करा." साहेबांनी, वय बघून, केलं. सतरा. होकायंत्र खिशात गेलं. आजोबांनी वडापाव नको म्हटलं, तंबाखू घेतली.

सतरा मिळाले ते २जीवर. ह्या देशात मोबाईलच्या पिढ्यांची गंमत आहे. आमच्याकडचे बरेच मॉडेम ३जीचे, तेव्हाचे भारीतले. पुढे खासगी कंपन्यांनी ३जी जवळजवळ गुंडाळलं, पण साधे फोन वापरणारी कोट्यवधी माणसं असल्यामुळे २जी राहिलं. म्हणजे घरातले कर्तबगार वडील अकाली गेले, नातू ४जी शहरात नोकरीला, आणि डोंगरावर ओसरीला बसून सगळा कारभार बघतायत ठणठणीत आजोबा. बोलतात हळू. पण पाऊस सांगायला तेवढं पुरतं.

मात्र त्यांचा आहार दांडगा. २जीचा मॉडेम टॉवरला हाक मारतो तेव्हा क्षणाक्षणाला दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. वायर बारीक असली की तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं आणि मॉडेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग तो पुन्हा हाक मारतो, पुन्हा पडतो. लॅपटॉपला जोडून तपासावा तर सगळं ठीक, कारण गप्प असताना त्याला काहीच होत नाही. असा एक मॉडेम आम्ही 'सदोष' म्हणून विकणाऱ्याकडे परत पाठवला. तिथून तो 'निर्दोष' म्हणून परत आला. जाड वायरीच्या तुकड्याने बरा झाला.

विजेचा मूळ पुरवठा म्हणजे सौर पॅनेल. नवजासारख्या ठिकाणी, जिथे कितीतरी वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस जातो, तिथे जुलैत सूर्यावर चालणारं यंत्र लावायचं ही कल्पना पुण्यात बसूनच सुचते. म्हणून मॉडेमला दर तासाला पाच मिनिटं जाग आणायची, बाकी वेळ झोप. त्या पाच मिनिटांत टॉवर जागा असला पाहिजे. आणि धो-धो पावसात डोंगरावरची वीज आधी जाते, मग टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, मग टॉवर बसतो. म्हणजे रिमझिम पडतो तेव्हा आकडे मिनिटबरहुकूम येतात आणि आभाळ फाटतं तेव्हा शांतता. लॉगर बिचारा सगळं साठवून ठेवतो आणि चार दिवसांनी, ऊन पडल्यावर, अतिवृष्टीची बातमी देतो.

आणि ही बातमी पाठवायला डेटा किती लागतो? ताशी एक ओळ, ओळीला शंभरेक अक्षरं. दिवसाचे २४०० बाईट. वर्षाचा पाऊस एका मेगाबाईटच्या आत बसतो. कंपनीच्या प्रीपेड पॅकमध्ये रोज मिळतो दीड जीबी. नुसती अक्षरं धरली तर एका दिवसाच्या त्या डेटात सतराशे वर्षांचा पाऊस मावेल, वाकाटकांपासून आजपर्यंतचा. रात्री बारा वाजता तो सगळा वाया जातो आणि नवा दीड जीबी हजर. ह्याहून लहान पॅक मागितला तर दुकानदार साहेबांकडे दयेने बघतो.

पॅक संपला की खरी मजा. संपला की नाही हे बघायला कंपनीचं अ‍ॅप उघडायचं. अ‍ॅप म्हणतं, आपल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. क्रमांक डोंगरावर. मॉडेममध्ये शिरून तो एसेमेस वाचता येतो, पण शिरायला डेटा हवा, आणि डेटा आहे का हेच तर बघायचंय. बरं, आपण होऊन पुण्यातून इंटरनेटवरून त्याला हाक मारायची सोयही नाही. अशा हजारो जोडण्या कंपनीच्या एकाच पत्त्याआड राहतात, त्यामुळे तो बाहेर बोलू शकतो, बाहेरच्याला त्याचं दार सापडत नाही. ओटीपी जिवंत राहतो दहा मिनिटं. पुण्याहून ते ठिकाण घाट मोकळा असेल तर साडेचार तास.

एकदा एका मॉडेमने एसेमेसने पाठवलेले हुकूम घेणं बंद केलं. सगळे तर्क झाले. वर जाऊन साहेबांनी त्याचा इनबॉक्स उघडायचा हुकूम दिला आणि लॅपटॉपचा पडदा भरून वाहिला. सिमवर काही मोजकेच संदेश मावतात, आणि ते सगळे आलेले होते. प्रिय ग्राहक, आपल्या आवडत्या गाण्याची कॉलर ट्यून निवडा. प्रिय ग्राहक, क्रिकेटच्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि बाईक जिंका. प्रिय ग्राहक, आपल्यासाठी पाच लाखांचं कर्ज मंजूर आहे. एक कोणा मुलीचा होता, 'रागावलास का?' एवढाच, पाठोपाठ तीनदा. तो चुकीच्या नंबरवर आला असणार. तिला बिचारीला काय कल्पना की समोरचा खांब आहे आणि तो ताशी पाच मिनिटंच जागा असतो. ज्युनिअरचं म्हणणं पडलं की उत्तर देऊ या. साहेबांनी सगळे संदेश पुसून टाकले.

एवढं झाल्यावर आकडे येऊ लागतात. पुण्यात साहेबांच्या पडद्यावर दर तासाला निळा स्तंभ उभा राहतो. आणि एखाद्या जुलैच्या सकाळी, सगळ्या वाहिन्या कोयनेचे दरवाजे उघडल्याचं सांगत असताना, आमचं यंत्र कळवतं: ०.०. बॅटरी उत्तम, रेंज सतरा, संपर्क अखंड, पाऊस शून्य. तासाभराने पुन्हा शून्य. मॉडेम इतका इमाने-इतबारे काम करत असतो की त्याला खोटं म्हणवत नाही.

अशा वेळी साहेब गावातल्या हॉटेलवाल्या मामांना फोन लावतात. मामा रेंजच्या दगडावर असतील तर लागतो.

"मामा, पाऊस आहे का हो?"

"लय हाय. रस्ता दिसंना. तुमचं मशीन काय म्हणतंय?"

"शून्य."

"मग पाला अडाकला आसंल नळकांड्यात. न्हायतर कावळ्यानं घाण केली आसंल, मागल्यागत. थांबा, जातू मी."

मामा इरलं घेऊन जातात, नरसाळ्यात बोट घालून पाला काढतात, डब्यात पाल शिरली असेल तर तिला हाकलतात, खांबाला अंग घासणाऱ्या म्हशीला चार शिव्या देतात. पुढच्या तासाला पडद्यावर स्तंभ उभा राहतो. अडलेल्या तासांच्या पावसाचं काय करायचं म्हणून साहेब मामांनाच विचारतात, आणि मामा पत्र्याच्या आवाजावरून सांगतात, "धरा की चाळीस."

गेल्या खेपेला साहेब चहाचे पैसे देत असताना मामांनी विषय काढला. त्या इनबॉक्सची गोष्ट ज्युनिअरने त्यांना आधीच सांगितली होती.

"सायेब, त्या डब्याला म्हयन्याच्या म्हयन्याला रिचार्ज मारता न्हवं?"

"हो, मारावाच लागतो."

"किती मिळतंय त्याला?"

"रोज दीड जीबी."

"आन् खातंय किती?"

साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मामांनी गाळणी कपावर आपटली.

"मग उरल्यालं माज्या मोबाईलवर फिरवा की. सकाळी पाला मी काडतू, आन् कर्ज मंजूर त्याला!"